जाण्याचं पान

क्लबमधल्या प्रत्येक नव्या खेळाडूची मी दोन पानं करते. एक येण्याचं, तो यायच्या आधी; एक जाण्याचं, तो आला त्याच दिवशी. येण्याच्या पानावर विमानतळावर कोण जाणार, वर्क पास कधी हातात येणार, फ्लॅटची किल्ली कोणाकडे, बुटांचा नंबर, कशाची अ‍ॅलर्जी, डॉक्टरांची तपासणी. जाण्याच्या पानावर करार कधी संपतो, पास रद्द करणे, फ्लॅट परत देणे, फोन बंद करणे, परतीचं तिकीट. आणि सगळ्यात खाली एक ओळ: बदली माणूस, नावं पाहून ठेवणे.

ही सवय बास्केटबॉलमधली नाही, जहाजांमधली आहे. सिंगापूरला आल्यापासून अठरा वर्षं मी एका जहाज कंपनीच्या क्रू विभागात होते. तिथे माणूस जहाजावर चढला की त्याच दिवशी त्याला उतरवायची तयारी सुरू होते. कोणत्या बंदरात उतरेल, त्याच्या जागी कोण चढेल, त्या दुसऱ्याचे कागद तोवर होतील का. यात कोणाला वाईट वाटत नाही. उलट ज्याची बदली ठरलेली नसते तोच समुद्रातून मेलवर मेल पाठवून जीव खातो.

मग कंपनीने तो विभाग दुसऱ्या देशात हलवला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मी नोकरी शोधायला लागले. इथल्या बुओना व्हिस्टा भागात ऑफिस असलेल्या एका लहानशा व्यावसायिक बास्केटबॉल क्लबला मॅनेजर हवी होती. मुलाखतीत विचारलं, बास्केटबॉल कळतं का? मी म्हटलं, नाही, पण माणसं आणि त्यांचे कागद एकाच वेळी एकाच ठिकाणी पोचवता येतात. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी बोलावलं. आता चौथा सीझन चालू आहे.

खेळ कळायला लागला तो हळूहळू. खेळाडूंची ने-आण मात्र लगेच कळली. आमची लीग आजूबाजूच्या देशांमध्ये मिळून चालते. सीझनच्या मध्यावर थोडे दिवस असे असतात की दोन क्लब आपापसात खेळाडू बदलू शकतात. खेळाडू स्वतःही लिहून देऊ शकतो की मला अमुक क्लबला पाठवा. याला सगळे ट्रेड मागणं म्हणतात. क्लबने खेळाडूला पाठवलं तर पेपरात येतं की क्लबने पुढचा विचार केला. खेळाडूने मागितलं तर येतं की त्याच्यात निष्ठा नाही. हा फरक मी पहिल्याच वर्षी माझ्या वहीत लिहून ठेवला होता. लिहिला, आणि पान उलटलं.

ही पानं मी मराठीत लिहिते. भरभर लिहायचं असलं की हात आपोआप मराठीत वळतो. पण त्याचा एक फायदा होता हेही खरं. फाइल टेबलावर उघडी राहिली तरी ऑफिसात कोणाला अक्षर कळत नसे.

मागच्या सीझनला तो आला. नागपूरचा, एकोणतीस वर्षांचा, पॉइंट गार्ड. म्हणजे चेंडू घेऊन पुढे येणारा आणि बाकीच्या चौघांना खेळवणारा. मी त्याला आणायला विमानतळावर गेले होते आणि व्हॅन चुकीच्या दारात उभी राहिली म्हणून नवऱ्याशी फोनवर तणतणत होते. मागून आवाज आला, "ताई, पुण्याच्या काय?"

"कशावरून?"

"इतकं शुद्ध चिडताना दुसरं कोणी पाहिलं नाही मी."

तेव्हापासून मी ताई झाले. रविवारी तो आमच्याकडे, समुद्रकाठच्या ईस्ट कोस्ट भागात, जेवायला यायचा. पोळ्या मोजायचा नाही, आमटी मात्र पुण्याची गोड असते म्हणून दर वेळी नाक मुरडायचा आणि दोनदा घ्यायचा. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. ती त्याच्याशी इंग्रजीत बोलायची आणि तो मुद्दाम मराठीत उत्तर द्यायचा. बायको नागपूरला शाळेत शिकवते, हे त्यानेच सांगितलं.

त्याच सीझनच्या तिसऱ्या महिन्यात त्याचा घोटा दुखावला. चांगलाच दुखावला. बाहेरच्या देशातून आणलेला खेळाडू असा बसला की क्लब बहुतेक वेळा त्याला घरी पाठवतात आणि दुसरा आणतात. कोचनी तसं केलं नाही. कोच ऑस्ट्रेलियाचे आहेत, पन्नाशी उलटलेले, बोलायला कमी. ते मालकांसमोर बसले आणि याला ठेवून घ्यायला लावलं. सीझन संपल्यावर बँकॉकच्या एका क्लबने त्याला फोन केला की आमच्याकडे ये, पहिल्या पाचात खेळवतो. त्याने नाही म्हटलं. मला हे आमच्या जेवणाच्या टेबलावर कळलं. मी विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, ज्यांनी लंगडत होतो तेव्हा खुर्ची दिली, त्यांना चालता यायला लागल्यावर सोडून कसं जायचं.

या सीझनला कोचनी पहिल्या पाचात एका इथल्या, तरुण मुलाला घेतलं. हा बाकावरून उठून दुसऱ्या सत्रात खेळायला जाई. कुरकुर केली नाही. निदान माझ्यापाशी नाही.

मग तो मंगळवार. मी विमानतळावर होते, आमच्या सेंटरची, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या उंच अमेरिकन खेळाडूची, आई येत होती आणि तिचं सामान सापडत नव्हतं. त्याचा फोन आला की फिजिओला घोट्याचा जुना रिपोर्ट आत्ता हवा आहे. एरवी मी माझ्या कपाटाला कोणाला हात लावू देत नाही. त्या दिवशी म्हटलं, दुसरा खण, निळी फाइल, त्यात तुझ्या नावाची चिठ्ठी लावलेली पानं आहेत, रिपोर्ट काढ आणि फाइल होती तशी ठेव. पंधरा मिनिटांनी मेसेज आला, मिळाला. मी अंगठा पाठवला आणि पुन्हा सामानाच्या मागे लागले.

गुरुवारी कोचनी मला आत बोलावलं आणि एक कागद माझ्याकडे सरकवला. दोन ओळी होत्या. मला बँकॉकच्या क्लबला ट्रेड करावं ही विनंती. खाली सही.

कोच म्हणाले की मागच्या वर्षी मी याच्यासाठी मालकांशी भांडलो. मी विचारलं, कारण काय दिलं? काहीच नाही, ते म्हणाले, नुसतं म्हणाला की मला जायचं आहे. ट्रेडची मुदत पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत होती. बँकॉकला कळवलेलंही होतं. "कागद तयार कर," कोच म्हणाले. "तुझ्याकडे यादी असेलच."

होतीच. मी टेबलाशी आले, निळी फाइल काढली आणि त्याचं जाण्याचं पान वर घेतलं. क्लिप मी नेहमी डाव्या कोपऱ्याला लावते. ती उजवीकडे होती.

मग ते पान मी त्याने वाचलं असेल तसं वाचलं. वर तारीख होती ती तो सिंगापुरात उतरला त्या दिवशीची. म्हणजे मी त्याला विमानतळावरून आणला, फ्लॅटवर सोडला, दूध-ब्रेड घेऊन दिला आणि ऑफिसला येऊन त्याच्या परतीच्या तिकिटाची ओळ लिहिली. खाली बदली माणसाच्या पुढे दोन नावं होती. त्यातला एक भारतातल्या सराव शिबिरात याच्याच खोलीत राहायचा, हे मला ठाऊक होतं. आणि त्या नावांच्या बाजूला पेन्सिलीने, मागच्या वर्षीचं: घोटा. बदली लवकर लागेल का?

क्लबमधल्या बारा खेळाडूंपैकी हे वाचता येणारा एकटा तोच होता, आणि कपाट कुठे आहे ते त्याला मीच सांगितलं होतं.

संध्याकाळी घरी जेवताना सांगितलं. नवरा वीस वर्षं जहाजांवर इंजिनीअर होता, आता किनाऱ्यावर आहे. तो म्हणाला यात काय एवढं, सगळ्यांची असतात अशी पानं. मुलीने घास तोंडापाशी थांबवला आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, डे वनला रिप्लेसमेंट लिहिलीस? सो हार्श, लाह."

"पद्धत आहे ती," मी म्हटलं.

नवऱ्याने पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "पण आम्हाला तुम्ही विचारायचात. फोन यायचा. कधी उतरायचं आहे, घरी काही आहे का, दिवाळी हवी की गणपती. मग तुम्ही लिहायचात."

हे खरं होतं. अठरा वर्षं मी ते फोन स्वतः केले होते. क्लबमध्ये आल्यावर पानं करायची सवय मी सोबत आणली आणि फोन करायची मागे ठेवून आले. कोणी सांगितलं नव्हतं असं कर म्हणून. इथे खेळाडूला कोणी विचारत नाही असं दिसलं, आणि मीही नाही विचारलं.

शुक्रवारी मी त्याला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उत्तर एकच, हो मॅडम, सरावानंतर बघू मॅडम. शनिवारी सराव संपल्यावर मी फाइल काखेत घेऊन हॉलमध्ये गेले. बाकीचे गेले होते. तो एकटा फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहून चेंडू टाकत होता.

"पान वाचलंस ना?" मी विचारलं.

"कोणतं पान, मॅडम?"

"मॅडम म्हणू नकोस. जाण्याचं."

त्याने चेंडू टाकला. आत गेला. तो स्वतःच आणायला गेला, परत रेषेवर आला, पुन्हा टाकला. मग म्हणाला, "मराठी शिकवतात आमच्या नागपूरलाही. वाचता येते."

मी त्याला जहाजाचं सगळं सांगितलं. चढणं, उतरणं, बदलीचा माणूस, कोणाला वाईट कसं वाटत नाही. तो चेंडू कमरेवर धरून ऐकत राहिला. "प्रत्येकाचं आहे असं पान?"

"प्रत्येकाचं. कोचचंसुद्धा."

"दाखवा."

मी फाइल दिली. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि पानं उलटायला लागला. सेंटरच्या पानावर थांबून हसला. मी लिहिलं होतं, बूट, एवढा नंबर सिंगापुरात मिळत नाही, जाताना परत मागू नये, दुसऱ्या कोणाला उपयोग नाही. कोचच्या पानावरही बदलीची दोन नावं होती ती पाहून त्याने शीळ घातली. मग स्वतःच्या पानाशी आला आणि चेहरा पुन्हा मिटला.

"हे पेन्सिलीचं बाकी कोणाच्या पानावर नाही," तो म्हणाला.

"नाही."

"म्हणजे हे जहाजाचं नाही."

"नाही. ते माझं आहे."

"त्या दिवशी तुम्ही माझ्या पायाला बर्फ लावून राहिल्या होत्या, ताई. मी रडत होतो अन् तुम्ही म्हणून राहिल्या होत्या काही होत नाही, दोन महिन्यांत पळशील. अन् घरी जाऊन हे लिहिलं?"

"ऑफिसात जाऊन."

हे मी का म्हटलं ठाऊक नाही. खरं होतं म्हणून. त्याला हसू फुटलं, इच्छा नसताना. "काय बाई आहात तुम्ही पण," तो म्हणाला. मग हसू गेलं. "बँकॉकवाल्यांना मी नाही म्हटलं होतं. बायको भैताड म्हणाली मला. म्हटलं, आपलं इथे आहे. अन् इथे तर पहिल्या दिवसापासून माझी जागा कोणाला द्यायची ते लिहून होतं. मग घालवण्याआधी आपणच निघालेलं बरं, नाही का?"

मी म्हटलं की चूक पान करण्यात नव्हती, तुला न विचारता केलं ही होती. आणि पेन्सिलीची ओळ घाबरून लिहिली होती, ती वेगळी चूक. "आता विचारते. तुला कधी जायचं आहे?"

त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता हे दिसत होतं. चेंडू मांडीवर फिरवत बसला. नंतर जे बोलला ते तुटक होतं, मी ते नंतर जुळवून लिहिलं. त्याला कायमचं इथे राहायचं नव्हतं. तिशी आली होती. हा सीझन आणि पुढचा खेळायचा आणि मग नागपूरला जाऊन मैदानावर मुलामुलींना शिकवायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. पण पुढचा सीझन मिळणार की नाही हे कोणी सांगत नव्हतं. बायकोला सुट्टी काढून यायचं होतं, तिला किती दिवसांची काढ म्हणून सांगावं हे त्याला कळत नव्हतं. बाकावर बसणं चाललं असतं, का बसवलं ते कळलं असतं तर.

"तुमच्या जहाजवाल्यांना त्यांची तारीख माहीत असते," तो म्हणाला. "माझी तारीख मला तुमच्या कपाटात सापडली."

मी वही काढली आणि तिथेच तीन प्रश्न लिहिले. पुढच्या सीझनचं कधीपर्यंत सांगणार. बाकावर का. बायको आली तर क्लबच्या फ्लॅटमध्ये किती दिवस राहू शकते. त्याला वाचून दाखवले. त्याने दुसऱ्या प्रश्नातल्या "का"खाली मला रेघ मारायला लावली.

"याने मी थांबेन असं नाही," तो म्हणाला.

"तू थांबावंस म्हणून नाही विचारणार. तुला कळावं म्हणून."

सोमवारी सकाळी मी कोचकडे गेले. आधी माझी चूक सांगितली, पेन्सिलीसकट. कोचनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, माझ्या पानावर काय आहे? मी सांगितलं. बदली माणसं कोण? मी दोन्ही नावं सांगितली. ते म्हणाले, दुसरा बरा आहे.

मग प्रश्न वाचले. पुढच्या सीझनचं महिन्याअखेरीला सांगता येईल, मालकांशी बोलून, असं ते म्हणाले. फ्लॅटचं तू बघ, त्यात मी पडत नाही. पहिल्या पाचाचं वचन देता येणार नाही. तो बाकावरूनच येईल.

"का?" मी विचारलं. रेघ मारलेली होती.

"समोरचे दमतात तेव्हा तो आत येतो आणि खेळाची चाल बदलतो. त्याला सुरुवातीपासून टाकला तर तोच आधी दमेल. त्या घोट्यावर सबंध सामना निघणार नाही. तो बाहेर बसून वाचत असतो, समोरचा कुठे ढिला पडतोय ते. दुसऱ्या कोणाला ते येत नाही."

"हे त्याला सांगितलंत?"

कोचनी खांदे उडवले. कळत असेल असं वाटलं, म्हणाले.

मी म्हटलं, या क्लबमध्ये सगळ्यांना सगळं कळत असेल असं सगळ्यांना वाटतं. कोचना ते आवडलं नाही, पण ते उठले आणि हॉलकडे गेले. ते आणि तो बंद दाराआड अर्धा तास होते. काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. बाहेर आले तेव्हा दोघांपैकी कोणाच्याही चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

बुधवारी बँकॉकचं उत्तर आलं. त्यांना तो हवा होता, बदल्यात त्यांचा एक गार्ड द्यायला तयार होते, आणि पुढच्या दोन सीझनचा करार आत्ताच लिहून देणार होते. म्हणजे जे आम्ही महिन्याअखेरीला सांगू म्हणत होतो ते तिथे त्याला आजच मिळत होतं. मी तो मेल त्याला तसाच पाठवला. कोचना सांगून. माझ्या हातात तेवढंच होतं. त्याने एका शब्दात उत्तर दिलं, वाचला.

दोन दिवस मी दोन्हीकडची तयारी केली. ट्रेडचे कागद पुरे केले, फक्त सह्या बाकी ठेवल्या. विमानाची जागा धरून ठेवली. फ्लॅट तपासायला माणूस सांगून ठेवला. एकही ओळ अर्धी सोडली नाही, कारण त्याने जायचं ठरवलं असतं तर माझ्यामुळे त्याला एक दिवसही उशीर होऊ नये असं मला वाटत होतं. हे करताना बरं वाटत नव्हतं. दर थोड्या वेळाने मी उठून पाणी पीत होते. दरम्यान बातमी फुटली होती. क्लबच्या चाहत्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की घोटा मोडला तेव्हा सांभाळलं त्याचं हे फळ. पाठोपाठ बऱ्याच जणांनी तसंच लिहिलं. मी वाचणं बंद केलं.

शुक्रवारी पावणेबाराला तो ऑफिसात आला. मी कागदांचे दोन्ही गठ्ठे टेबलावर मांडून बसले होते. तो खुर्चीवर बसला, उठला, परत बसला.

"रात्री बायकोशी बोललो," म्हणाला. "ती म्हणे, तुला बँकॉकला जायचं आहे की इथून निघायचं आहे, ते आधी ठरव. मी म्हटलं, बँकॉक मी पाहिलंही नाही."

"मग?"

"राहतो." त्याने स्वतःच लिहून आणलेला कागद खिशातून काढला, विनंती परत घेत असल्याचा. "हा सीझन अन् पुढचा. पुढचा त्यांनी नाही म्हटलं तर मी आत्ताच सांगून ठेवतो, मी दुसरीकडे बोलणार. लपून नाही. कोचनाही सांगितलं तसं. ते म्हणाले, बोल." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पेन्सिलीचं विसरायला वेळ लागेल मला, ताई."

"लागू दे," मी म्हटलं.

बारा वाजून गेल्यावर मी विमानाची जागा सोडली आणि फ्लॅटच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलं. मग त्याचं जुनं पान फाडून नवं घेतलं आणि पेन त्याला दिलं. जाण्याची तारीख त्याने लिहिली, पुढच्या सीझनच्या शेवटची. 'कारण' असा एक रकाना मी नवीन घातला होता. त्यात त्याने लिहिलं, नागपूर. बदली माणसापुढे जरा विचार करून म्हणाला की तुम्ही लिहिलेला पहिला ठेवा, माझ्या खोलीत राहायचा तो, पोरगं चांगलं आहे, पण घोरतं, ते लिहा.

सोमवारी त्याने सरावात सगळ्यांना सांगून टाकलं की या बाईंच्या कपाटात तुमची पानं आहेत. एकेक जण येऊन माझ्या टेबलाशी उभा राहायला लागला. मी मराठी वाचून इंग्रजीत सांगत होते. आमच्या सेंटरला बुटांची ओळ फार आवडली, त्याने तिचा फोटो काढला. पहिल्या पाचातला तो तरुण मुलगा म्हणाला की माझ्या जागी लिहिलेल्या माणसाला डाव्या हाताने चेंडूच नेता येत नाही, दुसरा शोधा. मी म्हटलं, तूच शोध आणि मला सांग. आता हे असंच चालतं. वेळ जास्त जातो. पण महिन्याअखेरीच्या बैठकीत मालकांनी पुढच्या सीझनचं विचारलं तेव्हा माझ्याकडे पहिल्यांदाच प्रत्येकाच्या तोंडची तारीख होती, आणि बहुतेकांना राहायचं होतं. त्यालाही होकार मिळाला.

त्याआधी, मुदत संपल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी दुपारी, घरच्या हॉलमध्ये सामना होता. तो बाकावरून उठला तेव्हा एका बाजूने हुर्यो झाली, फार मोठी नाही, पण ऐकू येईल इतकी. मी टेबलाशी पाण्याच्या बाटल्या लावत होते. कोचनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पाठीवर थाप दिली. पहिले दोन चेंडू त्याने घालवले. मग समोरचे दमायला लागले, आणि मला, खेळ फारसा न कळणाऱ्या बाईलाही, चाल बदललेली दिसली. हुर्यो कधी थांबली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. सामना आम्ही थोडक्यात हरलो. जाताना हॉलच्या दारात एका शाळकरी मुलीने त्याच्या पुढे शर्ट धरला आणि त्याने सही केली.

तिथून आम्ही ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, गेलो, आम्ही तिघं आणि तो. उन्हं उतरली होती, समुद्राकडून वारा होता. नवऱ्याने साते, म्हणजे काड्यांवर भाजलेलं चिकन, आणि कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणली. मुलगी त्याला सांगत होती की ते पहिले दोन पास सो लूझ होते आणि तो तिला मराठीत सांग म्हणत होता. ती अडकली, मग म्हणाली, "ढिले."

"बरोबर," तो म्हणाला. "तशीच मराठीत शिव्या दे, ऐकून घेईन."

जेवण संपत आलं तेव्हा त्याने विचारलं, "ताई, बायको डिसेंबरात येते म्हणून राहिली आहे. किती दिवस राहू शकते ती फ्लॅटमध्ये?"

मी वही उघडली होती. मालकांशी बोलून ठेवलं होतं, उत्तर तयार होतं. तरी म्हटलं, "आधी तिला विचार, तिला किती दिवस राहायचं आहे. मग मी बघते."

त्याने तिथेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलाच्या मध्ये ठेवला.